उभा राहिलेला ट्रकच जास्त पळतो

मोटार चालवणाऱ्या माणसाच्या ट्रकबद्दल दोन तक्रारी असतात आणि पुष्कळदा त्या एकाच प्रवासातल्या असतात. चढण लागली की तो वैतागतो, "हा डबा पुढे सरकेल तर शपथ!" मग उतार येतो, तोच ट्रक आरशात मोठा मोठा होत जातो आणि तोच माणूस म्हणतो, "जिवाची काही पर्वा आहे का या लोकांना?" दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आणि पहिलीतच दुसरीचं उत्तर आहे. ट्रक चढावर रखडतो म्हणून उतारावर पळतो, हे डोळ्यांना दिसतं. गोदामाच्या फाटकाशी रखडतो म्हणून महामार्गावर पळतो, हे मात्र मोटारीत बसून दिसत नाही. मला जास्त लिहायचंय ते या दुसऱ्या रखडण्याबद्दल.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. ट्रक सगळीकडेच मोटारींपेक्षा जास्त नियम मोडतात, असं नाही. ब्रिटनच्या मोटरवेवर वाहतूक मोकळी असताना साधारण निम्म्या मोटारी वेगमर्यादेच्या वर धावतात. अवजड ट्रकांमध्ये हे प्रमाण नाममात्र आहे. तिथले ट्रकवाले संत आहेत असं नव्हे, त्यांच्या इंजिनावर वेगरोधक बसवलेला असतो, तो ठरावीक आकड्यापुढे वेग जाऊच देत नाही. तेच ट्रक अरुंद, दुपदरी रस्त्यावर आले, जिथे मर्यादा वेगरोधकाच्या आकड्याहून खाली असते, की चित्र बदलतं. माणूस तोच, गाडी तीच. म्हणजे "ही जमातच बेदरकार" या स्पष्टीकरणाने फारसं काही हाती लागत नाही.

आता एका दिवसाचा हिशोब मांडू. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर चौदा तासांची मुदत मिळते. त्यात फार तर अकरा तास गाडी चालवायची. ही मुदत एकदा सुरू झाली की ट्रक उभा असला तरी घड्याळ चालूच राहतं. समजा एक ड्रायव्हर सकाळी सहाला निघाला. माल उतरवायची वेळ सातची दिलेली, तो सातला फाटकाशी हजर. पुढे अकरा गाड्या. एका गाडीच्या कागदावर सही नाही म्हणून ती डॉकवरच अडकलेली. फोर्कलिफ्ट दोन, त्यातली एक बंद. याची गाडी रिकामी होते अकराला. तिथून तासाभरावर दुसरा माल भरायचा, तो भरून, ताडपत्री ओढून, दोर आवळून होईपर्यंत दीड वाजतो. रात्री आठला चाक थांबलं पाहिजे. उरले साडेसहा तास. जेवण आणि नैसर्गिक विधी यांना अर्धा तास धरला तर सहा तास.

आणि मुक्काम आहे ५१० किलोमीटरवर.

रस्त्याची मर्यादा ९० असेल तर ती पाळून सरासरी ८० पडली तरी नशीब, कारण मध्ये गावं येतात, टोलनाके येतात, चढ येतात. सहा तासांत झाले ४८०. कमी पडले तीस किलोमीटर. ते भरून काढायचे तर सरासरी ८५ हवी आणि सरासरी पाचने वाढवायची तर मोकळ्या रस्त्यावर काटा ९५च्या पुढे ठेवावा लागतो. बस, एवढंच. कुणाला शर्यत जिंकायची नव्हती, थरार नको होता. सकाळचे वाया गेलेले चार तास संध्याकाळी महामार्गावरून वसूल करायचे होते. वड्याचं तेल वांग्यावर.

"तीस किलोमीटर अलीकडे थांबला तर काय बिघडलं?" हा प्रश्न मोटारवाल्याला सहज सुचतो. ट्रक मात्र कुठेही थांबवता येत नाही. साडेसोळा मीटरची गाडी रात्रभर लावायला जागा लागते आणि संध्याकाळ उलटली की महामार्गावरचे ट्रकतळ भरून जातात. ही ओरड अमेरिकेत आहे तशीच युरोपातही आहे. मग ड्रायव्हरपुढे दोन पर्याय: मुदत मोडून पुढे जायचं, नाहीतर रस्त्याच्या कडेला, जिथे मनाई आहे तिथेच, गाडी लावून झोपायचं. म्हणून पाच वाजल्यापासूनच एक वेगळी घाई सुरू होते, जागा पकडायची. तीस किलोमीटर अलीकडे थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशीची उतरवायची वेळ चुकवतो. वेळ चुकली की पुढची कधी मिळेल ते गोदामवाला ठरवणार. आठवड्यातली एक खेप गेलीच.

या व्यवहारातला एकतर्फीपणा बघण्यासारखा आहे. ड्रायव्हर अर्धा तास उशिरा आला तर त्याची वेळ रद्द होऊ शकते. गोदामाने त्याला बसवून ठेवलं तर पहिले दोन तास बहुधा फुकटात धरायचा रिवाज आहे. त्यापुढचे पैसे करारात असतील तर आणि मागण्याची हिंमत असेल तर.

आता पैशाकडे येऊ. जगभर लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरला पगार देण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यात दोन फार जुन्या: किलोमीटरमागे इतके, किंवा खेपेमागे इतके. तासावर पैसे देणारे मालक तुलनेने कमी, कारण उघड आहे. दूर गेलेल्या माणसाने काम केलं की झोप काढली, हे मालकाला पूर्वी कळत नसे. अंतर मात्र मोजता येत असे. पद्धत सोयीची म्हणून पडली आणि पडली ती राहिली. तिचा परिणाम असा की चाक फिरतं तेव्हाच पैसे मिळतात. रांगेत उभं राहणं, ताडपत्री ओढणं, टायर तपासणं, कागदांसाठी खिडकीशी ताटकळणं, हे सगळं कामच. पण पुष्कळ ठिकाणी बिनपगारी. अमेरिकेत तर जादा कामाच्या दीडपट मजुरीचा १९३८चा जो कायदा आहे, त्यातून आंतरराज्य ट्रक ड्रायव्हर पहिल्यापासूनच वगळलेले आहेत.

अशा माणसाला ॲक्सिलरेटर कसा दिसतो ते पाहा. किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर ८०ऐवजी ९०ने चालवणं म्हणजे त्या तासाची कमाई साडेबारा टक्क्यांनी वाढणं. पगारवाढीचा अर्ज नाही, साहेबाची मनधरणी नाही. पाय अर्धा इंच खाली. दुसऱ्या कुठल्या धंद्यात कामगाराच्या पायाखाली पगारवाढीचं पेडल असतं?

इथे डिझेल मध्ये येतं. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून ९०वर गेलं तर वेग साडेबारा टक्के वाढला, पण हवेचा विरोध जवळपास २७ टक्के. मोठ्या चपट्या तोंडाच्या गाडीला हे चांगलंच महागात पडतं. म्हणून डिझेल ज्याच्या खिशातून जातं तो सावध असतो: स्वतःच्या मालकीचा ट्रक चालवणारा मोकळ्या रस्त्यावर पुष्कळदा सबुरीने जातो. पण त्याच मालक-ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो आणि भाडं पडलेलं असेल तर महिन्याला एक खेप जास्त मारल्याशिवाय हप्ता निघत नाही. मग डिझेल जळो. नोकरीतल्या ड्रायव्हरचं गणित आणखी सोपं असतं: डिझेल मालकाचं, किलोमीटर माझे.

हे सगळं अनुमान आहे का? नाही, मोजून झालंय. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी २०१८मध्ये एक अहवाल काढला. माल भरण्या-उतरवण्याच्या जागी ट्रक सरासरी पंधरा मिनिटं जास्त थांबला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा अंदाज निघाला. हे अपघात गोदामात झालेले नाहीत. रखडपट्टी झाली आत आणि किंमत मोजली गेली बाहेर, रस्त्यावर. दुसरं उदाहरण थोडं जुनं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या अमेरिकी ट्रक कंपनीने किलोमीटरमागचा दर एकदम एक-तृतीयांशाहून जास्त वाढवला आणि नवशिक्यांऐवजी अनुभवी ड्रायव्हर घ्यायला सुरुवात केली. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण घसरलं आणि त्याबरोबर अपघातही. यात पगार किती आणि अनुभव किती हे वेगळं काढणं अवघड आहे, हे कबूल. पण पगार वाढवल्याशिवाय अनुभवी माणसं आली नसती, हेही खरंच.

आता सगळ्यात बोलकी गोष्ट सांगतो. कामाच्या तासांचा नियम मोडला जाऊ नये म्हणून पूर्वी ड्रायव्हरला कागदी वही भरावी लागे. अमेरिकी ड्रायव्हर त्या वहीला आपसात "कॉमिक बुक" म्हणत, इतकी ती काल्पनिक असे. काहीजण दोन-दोन वह्या बाळगत. हे थांबवायला डिसेंबर २०१७पासून तिथे बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं झालं. चाक फिरलं की नोंद झाली, खाडाखोड नाही. २०२१मध्ये याच्या परिणामांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तासांचे नियम मोडण्याचं प्रमाण खरोखरच घटलं. अपघात मात्र घटल्याचं दिसलं नाही. आणि वेगमर्यादा मोडण्यासारखे बेफिकीर चालवण्याचे गुन्हे वाढले, विशेषतः छोट्या कंपन्यांत, म्हणजे ज्यांना पूर्वी यंत्र नव्हतं त्यांच्यात.

यात चक्रावण्यासारखं काही नाही. पूर्वी चार तास गोदामात गेले तर ड्रायव्हर ते वहीत "झोपलो होतो" म्हणून लिहायचा आणि रात्री तेवढाच वेळ जास्त, पण निवांत चालवायचा. थकून चालवायचा, हा धोका होताच. यंत्र आल्यावर वेळ ताणता येईना. अंतर तेवढंच, माल तेवढाच, गोदाम तसंच. गणितात आता एकच गोष्ट हलवता येण्याजोगी उरली, वेग. ती हलली. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. थकलेला ड्रायव्हर भयंकर असतो. पण फुग्याला एका बाजूने दाबलं की तो दुसऱ्या बाजूने फुगतो, तसं हे झालं.

एवढं झालं पोटापाण्याचं. पण ट्रक हे यंत्रसुद्धा ड्रायव्हरला वेगाकडे ढकलतं, हे मोटार चालवणाऱ्याला सहसा कळत नाही. चाळीस टनांच्या भरलेल्या गाडीला समजा चारशे अश्वशक्तीचं इंजिन आहे. ऐकायला दणदणीत वाटतं, पण टनामागे पडली दहा अश्वशक्ती. साध्या मोटारीला टनामागे सत्तर-ऐंशी मिळते. चार टक्क्यांची चढण, म्हणजे शंभर मीटरला चार मीटर, मोटारीत तुम्हाला जाणवणारही नाही. तीच चढण चाळीस टन घेऊन ताशी ८०ने चढायची तर नुसतं वजन वर उचलायलाच ४७० अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. म्हणजे चारशेच्या इंजिनाला ते शक्यच नाही. गाडी ६०वर येणार, मग ५०वर, मग गिअर खाली, आणखी खाली. अनुभवी ड्रायव्हर काय करतो? चढण दिसायच्या आधीच, अलीकडच्या उतारावर, गाडीला सोडतो. आलेला वेग हीच त्याची वर जायची शिदोरी. तिथे ८०ची पाटी आहे म्हणून ब्रेक मारणं म्हणजे त्याच्या लेखी पैसे देऊन विकत घेतलेला वेग ब्रेकच्या लायनरमध्ये जाळून टाकणं.

सपाट रस्त्यावरच्या गावाचंही तेच. पाटी सांगते ५०. मोटारवाला पाय उचलतो, गाव जातं, पुन्हा पाय ठेवतो. दहा सेकंदांचा मामला. भरलेल्या ट्रकला ५०वरून पुन्हा ८०ला यायला गिअरमागून गिअर टाकत मिनिट-दीड मिनिट लागतं आणि तेवढ्यात पुढच्या गावाची पाटी येते. म्हणून तो ६५ने गावातून निघतो. हे समर्थन नव्हे. गावातल्या मुलाला चाळीस टनांच्या अडचणीशी काही देणंघेणं नाही. पण का घडतं ते हे असं घडतं.

डोळेही दगा देतात. ट्रकची सीट उंच, आणि जितकं उंच बसावं तितका खालचा रस्ता सावकाश सरकतोय असं वाटतं. विमानाच्या खिडकीतून जमीन रांगताना दिसते, त्यातलाच प्रकार. शिवाय तासन् तास एकाच वेगाने चालवलं की मेंदूला तो वेग म्हणजे उभं राहणं वाटू लागतं. महामार्ग सोडून आत वळल्यावर काटा ६० दाखवत असतो आणि ड्रायव्हर शपथेवर सांगेल की मी चाळीसने होतो. काट्याकडे बघितल्याशिवाय त्या क्षणी स्वतःवर विश्वास ठेवू नये, हा धडा मोटारवाल्यांनाही लागू आहे.

आणि वेळ किती वाचतो याचा अंदाज तर जवळपास सगळ्यांचाच चुकतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. दहा किलोमीटरचं अंतर ३०ऐवजी ४०ने कापलं तर पाच मिनिटं वाचतात. तेच अंतर ९०ऐवजी १००ने कापलं तर वाचतात चाळीस सेकंद. दोन्हीकडे वेग दहानेच वाढला, पण मनाला दोन्ही फायदे सारखे वाटतात.  म्हणजे जिथे धोका सर्वात जास्त तिथे मिळकत सर्वात कमी, आणि नेमकी तीच आहे त्याहून मोठी भासते. खरा वेळ गोदामाच्या फाटकाशी, जिथे वेग शून्य आहे, तिथे वाचतो. पण तिथे ड्रायव्हरच्या हातात काही नसतं.

कधीकधी दोष पाटीचाही असतो. ब्रिटनमध्ये साडेसात टनांवरच्या ट्रकांना दुपदरी रस्त्यावर ताशी ४० मैलांची, म्हणजे ६४ किलोमीटरची मर्यादा होती. ती बहुतेक ट्रक मोडत. जो पाळायचा त्याच्यामागे मोटारींची माळ लागायची आणि त्यातला एखादा वैतागून समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडावर ओव्हरटेक करायचा. अखेर एप्रिल २०१५मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ती ५० मैलांवर, म्हणजे ८० किलोमीटरवर नेली. याहून गाजलेलं प्रकरण अमेरिकेचं. १९७३च्या तेलटंचाईनंतर जानेवारी १९७४मध्ये तिथे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. हेतू इंधन वाचवण्याचा होता. किलोमीटरवर, तिथल्या भाषेत मैलावर, पोट असलेल्या माणसाला ही थेट पगारकपात वाटली, आणि डिझेल महागलेलं होतंच. डिसेंबर १९७३मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९७४मध्ये ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले, बंद पाळले. केबिनमधले सीबी रेडिओ, म्हणजे एकमेकांशी बोलायचे बिनतारी संच, तेव्हापासून खरे भरभराटीला आले: पुढे पोलीस कुठे दबा धरून आहेत हे मागच्याला सांगायला. पोलिसांना त्यांनी नाव दिलं "स्मोकी", कारण त्यांची टोपी वणवाविरोधी मोहिमेतल्या स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी दिसे. कायदा १९९५मध्ये रद्द झाला. ज्या मर्यादेचं कारण चालवणाऱ्याला पटत नाही तिच्याशी तो लपाछपी खेळतो, आणि एकदा खेळायची सवय लागली की पटणाऱ्या मर्यादेशीही खेळतो.

मग इंजिनालाच कुलूप घातलं तर? युरोपात १९९०च्या दशकापासून मोठ्या ट्रकांना ताशी ९०चा वेगरोधक आहे, पुढे तो साडेतीन टनांवरच्या सगळ्यांना लागू झाला. कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्वेबेक प्रांतांनी २००९मध्ये १०५ची सीमा घातली. उपाय चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याला काय जमत नाही तेही समजून घ्यायला हवं. तो इंधन तोडतो, ब्रेक लावत नाही. उतारावर चाळीस टनांना खाली खेचायला इंधन लागतच नाही. तो गावातली ५०ची पाटीही वाचत नाही. आणि जर्मनीत महामार्गावर ट्रकांची कायदेशीर मर्यादा ८० आहे, वेगरोधक इंधन तोडतो तो ९०च्या आसपास. मधल्या नऊ-दहा किलोमीटरच्या फटीत ट्रक बिनदिक्कत राहतात. छत म्हणून दिलेला आकडा फरशी होऊन बसला.

त्यातून एक विनोदी दृश्य तयार होतं, ज्याला जर्मन लोक "हत्तींची शर्यत" म्हणतात. एक ट्रक ८७ने चाललाय, मागचा ८९ने. मागच्याला पुढे जायचंय. दोन किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून जरासं जास्त. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरलं तर सव्वाशे-दीडशे मीटर कापायचे. त्याला लागतात चार मिनिटं, आणि तेवढ्यात दोघं मिळून सहा किलोमीटर रस्ता अडवतात. शेवटी तिथल्या एका न्यायालयाला २००८मध्ये सांगावं लागलं की ओव्हरटेक साधारण ४५ सेकंदांत आटपायला हवं. वाचणाऱ्याला हसू येतं. दिवसाच्या नऊ तासांत दोन किलोमीटरने अठरा किलोमीटर जास्त होतात, हे ज्याला माहीत आहे तो हसत नाही.

कुलूप आलं की किल्लीही येते. युरोपातल्या ट्रकात टॅकोग्राफ नावाचं यंत्र वेग, अंतर आणि विश्रांती नोंदवतं. त्याला खबर देणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. काहींनी शोध लावला की तिथे एक दणकट लोहचुंबक चिकटवला की सेन्सर आंधळा होतो. ट्रक नव्वदने धावतोय आणि टॅकोग्राफच्या मते ड्रायव्हर विश्रांती घेतोय. वेगरोधकालाही वेग कळत नाही, आणि ब्रेकची मदतनीस यंत्रणा त्याच माहितीवर विसंबून असेल तर तीही गोंधळते. यावर उतारा म्हणून जून २०१९पासून नव्या ट्रकांत उपग्रहाकडून स्थान ताडून बघणारे टॅकोग्राफ आले. पुन्हा तोच प्रश्न: एखादा माणूस स्वतःच्या ब्रेकशी खेळून, जिवावर उदार होऊन चुंबक चिकटवतो, तो नुसत्या हौसेने?

आता त्या दहा किलोमीटरची खरी किंमत. भरलेला ट्रक ८०ने चाललाय. पुढे अडथळा दिसला. मेंदूपासून पायापर्यंत निरोप जायला दीड सेकंद, हवेचे ब्रेक भरायला अर्धा सेकंद, मग चाकं पकडतात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी, गाडी साधारण ९४ मीटरवर उभी राहते. तोच ट्रक ९०ने असेल तर ११२ मीटरवर. फरक अठरा मीटर, एका ट्रकाच्या लांबीएवढा. पण हा आकडा फसवा आहे. पहिला ट्रक जिथे येऊन शांत उभा राहतो, नेमक्या त्याच जागी दुसऱ्याचा वेग अजून ताशी ४९ किलोमीटर असतो. म्हणजे एकाने अडथळ्याच्या आधी श्वास सोडला आणि दुसरा चाळीस टन घेऊन पन्नासच्या वेगाने त्यात घुसला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. ते वाक्य मला नुसतं वाचून कधी समजलं नव्हतं. हा ९४-११२चा हिशोब कागदावर केला तेव्हा पोटात गोळा आला. जाता जाता: रिकामा ट्रक लवकर थांबेल असं वाटतं, पण त्याचे ब्रेक आणि स्प्रिंग भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. रिकामी गाडी उसळते, चाकं पकड सोडतात.

तर मग दंड कुणाला करायचा? रस्त्यात सापडतो तो ड्रायव्हर, म्हणून त्यालाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यातही काही मालक दंडाची रक्कम धंद्याचा खर्च म्हणून भरून मोकळे होतात. एका जागी उभा असलेला कॅमेरा तर सगळ्यांना पाठ असतो. तिथे ब्रेक, पुढे पुन्हा तेच. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधल्या अंतरावरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे जास्त कामाचे, कारण तिथे उशीर लपतो पण घाई लपत नाही.

काही देशांनी मात्र केबिनच्या बाहेर बघायला सुरुवात केली आहे. युरोपीय संघाच्या २००६च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येत असेल तर ड्रायव्हरला अंतरावर किंवा पोहोचवण्याच्या वेगावर पैसे किंवा बक्षिसी देता येणार नाही. वाक्य सुंदर आहे. "धोक्यात येत असेल तर" हे सिद्ध कुणी आणि कसं करायचं, तिथे ते लुळं पडतं. ऑस्ट्रेलियाने जबाबदारीची साखळी कायद्यात आणली. माल पाठवणारा, घेणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, या प्रत्येकावर ड्रायव्हरला मर्यादा मोडावी लागेल असं काही न करण्याचं बंधन आहे. ५१० किलोमीटर सहा तासांत मागणारा माणूस ऑफिसात बसून गुन्हा करत असतो, ही कल्पना मला फार पटते.

त्याच ऑस्ट्रेलियात पैशाचा प्रश्न हाताळायला गेल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. २०१२मध्ये त्यांनी ट्रकवाल्यांच्या मोबदल्यासाठी खास लवाद स्थापला. रांगेतल्या वेळेचेही पैसे धरून मालक-ड्रायव्हरांना किमान दर मिळावा, असा आदेश २०१६मध्ये लागू होत होता. विरोध केला तो मालक-ड्रायव्हरांनीच. किमान दर फक्त आम्हाला लागू झाला तर माल पाठवणारे आम्हाला सोडून मोठ्या कंपन्यांकडे जातील, अशी त्यांची भीती होती. ती अनाठायी होती असं म्हणवत नाही. एप्रिल २०१६मध्ये संसदेने लवादच मोडीत काढला. पुढे २०२४मध्ये कायदा बदलून तसे अधिकार दुसऱ्या संस्थेकडे दिले गेले. दक्षिण कोरियाने २०२०पासून तीन वर्षं कंटेनर आणि सिमेंटच्या वाहतुकीला किमान सुरक्षित दर ठरवून दिला; मुदत संपत आली तशी तो टिकवा म्हणून २०२२मध्ये ट्रकवाले दोनदा संपावर गेले. एकीकडे दर नको म्हणून आंदोलन, दुसरीकडे दर हवा म्हणून. दोघांचं भय एकच, हातची खेप जाण्याचं.

अमेरिकेच्या त्या २०१८च्या अहवालाकडे पुन्हा एकदा वळतो, कारण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आजच्या ट्रकात नोंदयंत्र असतं, उपग्रहाशी जोडलेला फोन असतो, पुढे कॅमेरा असतो, कधीकधी ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर रोखलेला दुसरा कॅमेराही असतो. तो कुठल्या वळणावर किती वेगाने होता हे मिनिटामिनिटाला सांगता येतं. पण ट्रक गोदामात किती वेळ विनाकारण ताटकळत राहतात, याची संपूर्ण उद्योगाची भरवशाची आकडेवारी त्या अहवालाच्या लेखकांना मिळाली नाही. ती कुणी ठेवतच नव्हतं. बहुतेकजण मोजत होते ते करारातली फुकटची मुदत संपल्यानंतरचं थांबणं. त्याआधीचे दोन तास कुणाच्याच खात्यात नव्हते.